उजव्या कोपऱ्यातला कावळा

जगातल्या झाडून साऱ्या कॉम्प्युटर कंपन्या आपल्या एकट्याच्या वाईटावर टपल्या आहेत, याबद्दल चिंचपोकळीच्या माझ्या धाकट्या मामांच्या मनात तिळमात्र शंका नाही. लॅपटॉपवर अपडेटची पाटी आली की घरात साप निघाल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. ते घाईने 'नंतर' दाबतात, वायफाय बंद करतात आणि आजचा दिवस निभावला, असं मामींना सांगतात. फायलींच्या खिडकीतून कंपनीने काय काय काढून टाकलं, हे ते गेलेल्या नातेवाइकांबद्दल बोलावं तसं सांगतात. पूर्वी एका खिडकीचे दोन भाग व्हायचे, ते गेलं. अक्षर दाबलं की थेट फायलीवर जाता यायचं, आता तो मेला अख्खा कॉम्प्युटर धुंडाळत बसतो. एकदा त्यांनी रीतसर तक्रार केली, तर ही सोय फारसं कोणी वापरत नव्हतं, असं उत्तर आलं. त्या दिवशी मामांना जेवण गेलं नाही. "मी वापरत होतो ना रे," ते मला म्हणाले, "मग मी कोणीच नाही?"

या काळजीला कारण होतं. लालबागच्या आमच्या हौशी नाटकमंडळींत आवाज वाजवायचं काम वर्षानुवर्षं मामांकडे. आवाजांच्या फायली ठेवायच्या फोल्डरचाच त्यांनी रंगमंच केला होता. दारावरची थाप डावीकडे, कुकर आतल्या स्वयंपाकघराच्या जागी, वीज वर आणि कावळा पार उजव्या कोपऱ्यात. नजर पात्रांवर आणि हात बरोबर आवाजावर. पण फोनवरच्या ॲपने हे सगळं होतं, मामांनी आता थांबावं, अशी कुजबुज मंडळात सुरू झाली होती. यंदाच्या नाट्यस्पर्धेत चुकलो की आपली खुर्ची गेली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

परळच्या हॉलवर मध्यंतरात मामा चहाला गेले, तेवढ्यात लॅपटॉप आपणहून बंद झाला आणि अपडेट उरकून पुन्हा उघडला. सगळे आवाज नावांच्या क्रमाने रांगेत उभे. मामांनी कावळ्याला उचलून कोपऱ्यात ठेवलं. सोडल्याबरोबर तो परत रांगेत, कुकरच्या शेजारी. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. नावं वाचून दाबा, असं मी शेजारी बसून सांगत होतो, पण इतक्या वर्षांचा हात कसला ऐकतोय!

पुढच्या अंकात बापाच्या दहाव्याचा प्रसंग होता. पिंड ठेवलेला, कावळा शिवत नाही. धाकटीचं लग्न मी करून देईन, असं मुलगा हात जोडून कबूल करतो. हॉल अगदी चिडीचूप झाला. मामांनी बटण दाबलं आणि कुकरची शिट्टी झाली.

प्रेक्षागृह हसून लोळायच्या बेतात. मामा तडक उठले, पडद्यामागून धडपडत उजव्या विंगेत गेले आणि तोंडाशी हात धरून कावळ्यासारखे ओरडले. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा लोक गप्प झाले. तिसऱ्यांदा तर मुलाचं काम करणारा नट खरंच रडला. मलाही आवरलं नाही.

नाटक संपल्यावर दिग्दर्शकाने मामांच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या वर्षी तुम्ही आराम करा, म्हणून सांगितलं. मामा बरं म्हणाले. आम्ही दोघं चालत घरी निघालो.

"काढायच्या आधी एकदा विचारावं तरी माणसाने," ते म्हणाले.

कंपनीला मी चांगलं खरमरीत लिहितो, असं मी म्हटलं.

"कंपनीचं नाही रे म्हणत मी," मामा म्हणाले, आणि कधी कोणाच्या हाती न दिलेली ती लॅपटॉपची पिशवी त्यांनी माझ्या खांद्याला अडकवली.