उडत्या पैलवानाची मालकी

मध्य भारताचा मध्य प्रदेश झाला, त्याच्या आगेमागे माझ्या फ्रीगंजातल्या छापखान्यातून उडत्या पैलवानाची चित्रपुस्तकं निघत होती. बापाने मला काही ठेवलं नव्हतं. यंत्र मी यात्रेकरूंना आरत्यांच्या पुस्तिका विकून घेतलं. स्टेशनच्या स्टॉलवर विलायती चित्रपुस्तकं पाहिली, त्यांतला झगा फडकवत उडणारा वीर पाहिला, आणि ठरवलं की आपला गडी लंगोटातला हवा, तोंडावर मुखवटा, आणि क्षिप्रेवरून उडणारा. कल्पना माझी. चित्रं एका चितेऱ्याने काढली. तो लग्नघरांच्या दाराशी हत्ती आणि द्वारपाल रंगवायचा. पानामागे दर ठरला, तो मी चोख दिला. लेखी काही केलं नाही, एवढी माझी चूक.

पुस्तकं खपू लागली, तसा त्याने तोच पैलवान, तोच मुखवटा इंदूरच्या एका प्रकाशकाला काढून दिला. मी जाब विचारला.

"बाबूजी, हाथी मैं सबके दरवाजे पे बनाता हूं," तो म्हणाला. "आज तक किसी ने नहीं कहा कि हाथी मेरा है."

त्याला खरंच तसं वाटत होतं. म्हणून मला राग जास्त आला.

वकील म्हणाले, "भाऊसाहेब, चितेरा तुमचा नोकर नाही. चित्रांचा हक्क कायद्याने त्याचाच. त्याच्याकडून लिहून घ्या. तोवर नाव आणि चेहरा पुस्तकांची छाप, म्हणजे ट्रेडमार्क, म्हणून नोंदवून टाका."

मी मुंबईला अर्ज केला. बऱ्याच महिन्यांनी इंग्रजी प्रमाणपत्र आलं. हा कागद फक्त पुस्तकांपुरता, भिंती-दारांना लागू नाही, हेही वकिलांनी बजावलं होतं.

त्याच सुमारास चितेऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं. दुसऱ्यांच्या दाराशी तो द्वारपाल काढायचा; स्वतःच्या दाराशी त्याने दोन्ही बाजूंना उडता पैलवान काढला. वरात संध्याकाळी येणार, हे विचारून घेऊन मी दुपारी गेलो. सोबत प्रमाणपत्र, वकिलांनी लिहिलेलं हक्कपत्र आणि चुन्याची बादली.

गाणाऱ्या बायका थांबल्या. लग्नाच्या दिवशी दाराशी चुना फासलेला पाहून वरपक्ष काय म्हणेल, हे मला कोणी सांगायला नको होतं.

"ये सरकारी कागज है," मी म्हणालो. "पैलवान मेरा है. या तो दस्तखत कर, या चूना फेर."

"आज का दिन छोड़ दो, बाबूजी. कल खुद आके कर दूंगा."

"कल तू इंदौर में बैठा होगा."

मुलगी हळदीच्या अंगाने बाहेर आली. "काकाजी, मैं ही फेर देती हूं," असं म्हणून ती बादलीपाशी वाकली. बापाने तिचा हात धरला आणि हक्कपत्रावर सही केली. एक प्रत मी त्याच्यापाशी ठेवली. दारावर माझा हक्क नव्हता, ते मी सांगितलं नाही.

मी लग्नघरी चुन्याची बादली घेऊन गेलो, असं लोक अजून सांगतात. चित्र मी राहू दिलं, हे कोणी सांगत नाही.

इंदूरला नोटीस गेली, तिथलं पुस्तक बंद पडलं. दोन महिन्यांनी चितेरा काम मागायला आला. मी निम्मा दर सांगितला. तो लगेच हो म्हणाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पहिली पानं आली. पैलवान सगळीकडे पायी चालत होता. क्षिप्राही त्याने पोहून पार केली.

"ये उड़ता क्यों नहीं?"

"कागज मैंने मास्टरजी से पढ़वाया, बाबूजी. उसमें मुंह लिखा है, मुखौटा लिखा है, लंगोट लिखा है. उड़ना कहीं नहीं लिखा." पानं नीट जुळवत तो म्हणाला, "उड़ने का रेट वही पुराना है."

मी त्याला हाकललं. दुसरा चितेरा पाहिला. त्याचा पैलवान हवेत गच्चीवरून ढकलल्यासारखा दिसायचा. पंधरा दिवसांनी मीच निरोप पाठवला. तासभर घासाघीस झाली, पाऊण दरावर जमलं. पुढच्या पुस्तकात पैलवान उडाला, पण झाडांच्या शेंड्यांखालूनच.