मोरयानंतरचं आमेन

"अत्यंत गंभीर सूचना. सर्व रहिवाशांनी मन घट्ट करावं. आजचा शिरा तळाला लागलेला आहे. वरचा थर वाचवण्यात यश आलं असून कोणीही घाबरून जाऊ नये."

मंडळी, गणपतीच्या दिवसांत आमच्या मरोळच्या सोसायटीत माईकवर हा आवाज कित्येक वर्षं घुमला. आवाजाचे मालक तळमजल्यावर राहायचे. जुन्या गावठाणातले ख्रिस्ती गृहस्थ. त्यांच्या बापजाद्यांच्या भातशेतीवर आमचं पार्किंग उभं आहे. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो.

आमच्यात एरवी तोंडाळ असलेली माणसंसुद्धा माईक दिसला की लाजतात. अंकलचा गळा मात्र चर्चमध्ये गाऊन तयार झालेला. आरत्या सगळ्या पाठ. लहानपणी शेजारच्या घरी मोदकांच्या आशेने शिकलेल्या. "पोट भरलं की पाठांतर बसतं," म्हणायचे.

खोट एकच. शेवटचा मोरया झाला, टाळ थांबले, की त्या शांततेत त्यांच्या तोंडून हळूच निसटायचं, "आमेन." मग स्वतःच दचकून जीभ चावायचे. पोरं तर तेवढ्यासाठीच थांबायची. "प्रार्थना संपली की तोंड आपोआप बोलतं, मी काय करू?" असा त्यांचा बचाव. एकदा चर्चमध्ये उलटं झालं, आमेनच्या जागी तोंडून मोरया गेला. फादरांनी मागच्या बाकावर बसवलं, हे ते छाती फुगवून सांगत.

मग एका वर्षी, पहिल्याच आरतीला, कुणीतरी ते आमेन मोबाईलवर टिपलं. कुठे कुठे फिरून ते आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर परत आलं. खाली एक ओळ जोडलेली: "यांना माईक दिला कोणी?"

लिफ्ट बंद पडली की या ग्रुपवर निरोपांचा पाऊस पडतो. त्या दिवशी कुणाचा अंगठासुद्धा उमटला नाही.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने सांगितलं की बाईकवरून दोघं आले होते. आरती किती वाजता, आणि तो म्हातारा कुठल्या घरात राहतो, एवढंच विचारून गेले. वेळ त्याने सांगितली. घर सांगितलं नाही.

माझी बायको बसच्या कंडक्टरला घाबरत नाही, सेक्रेटरीला घाबरत नाही, मला तर नाहीच नाही. ती पोह्यांचा डबा घेऊन खाली गेली. मी मागोमाग. अंकल, या वर्षी राहू दे ना, घरी बसा, असं तिने परोपरीने विनवलं.

"अगं पोरी, नाही गेलो तर म्हणतील पळाला," अंकल म्हणाले. "गेलो आणि तोंडातून सुटलं, तर वाट लागली. म्हणून प्रॅक्टिस चालू आहे. बघ."

त्यांनी शेवटचा मोरया म्हटला आणि ओठ मिटले. आमेन आलंच. पुन्हा म्हटला, पुन्हा आलं. मग त्यांनी तळहाताने तोंड दाबून धरलं. एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. निघताना माझी नजर दारावर गेली. तिथला लाकडी क्रूस नव्हता, त्याच्या आकाराचा फिकट डाग तेवढा होता.

"रंग द्यायचाय," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

आता ते वसईला मुलीकडे असतात आणि आमच्या आरत्या पेन ड्राइव्हवर लागतात. पेन ड्राइव्ह काही चुकत नाही. पण अंकलची शेवटची आरती तुम्हाला सांगायलाच हवी.

त्या संध्याकाळी मांडव भरला, तरी पुढची जागा रिकामी. सगळे कडेकडेला. मागे चार अनोळखी माणसं, चपला न काढता उभी. एकाचा मोबाईल वर धरलेला. अंकलनी गंभीर सूचना दिली नाही, थेट आरती धरली. त्यांचा आवाज नेहमीचा, आमच्या टाळ्या मात्र पुढे पळत होत्या. संपवायची घाई सगळ्यांनाच.

शेवटचा मोरया झाला. शांतता.

मी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. गाठ वर सरकली, ओठ थरथरले, आणि त्यांनी तो शब्द कडू गोळीसारखा गिळला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

मोबाईल खाली आला. चौघांतला एक पुढे यायला लागला. त्याने प्रसादासाठी हात पसरला, "काका, मस्त म्हणता," म्हणाला, आणि चौघं निघून गेले. ते कशाला आले होते, मला आजही माहीत नाही.

अंकलनी माईक प्रसादाच्या टेबलावर ठेवला आणि घराकडे वळले. बंद करायचा राहिला. टेबलापाशी माझी बायको उभी होती. तिने सोडलेला सुस्कारा आधी स्पीकरवर आला. पाठोपाठ तिने मूर्तीकडे बघून जे म्हटलं, ते आख्ख्या गल्लीने ऐकलं, गावठाणाने ऐकलं, आणि पाठमोऱ्या अंकलनीही ऐकलं.

"बाप्पा, पुढच्या वर्षी तू ये बाबा, पण अंकलना नको रे आणूस."