अकरा माणसांचा पाळक

दीड महिन्यापूर्वी सकाळी साळवीवहिनींचा फोन आला. "मास्तर, हे गेले. तुम्ही आधी या, मग बाकीच्यांना कळवते," एवढंच त्या म्हणाल्या. याकोब साळवी, रत्नागिरीतल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक, माझा शेजारी. मी देव न मानणारा निवृत्त शिक्षक. एकमेकांना सुधारण्याचं काम आम्ही तीस वर्षं रोज दुपारच्या चहाला करत होतो आणि दोघांनाही त्यात काडीचं यश आलं नाही.

पाच वर्षांपूर्वी मुंबईच्या एका संस्थेने केनियातल्या खेड्यापाड्यांतल्या पाळकांना धीर द्यायला आठ जणांची तुकडी पाठवायचं ठरवलं. त्यात याकोबची वर्णी लागली. मग काय... निरोपसमारंभ, शाल, पुष्पगुच्छ, दारात बॅनर. बॅनरवाल्याने आफ्रिका म्हणून स्वतःच्या बुद्धीने याकोबशेजारी एक सिंह छापला होता. दोघांत सिंह जास्त प्रसन्न दिसत होता. तीन वक्त्यांनी याकोबला दीपस्तंभ म्हटलं. चौथ्याला दुसरी उपमा सुचली नाही, म्हणून त्यानेही तेच म्हटलं.

घरी परतताना शाल काखेत मारून याकोब म्हणाला, "मास्तर, परत आलो की मी हे काम सोडणार. कोणाला बोलू नकोस." त्याच्या मंडळीतली तरुण माणसं मुंबईला गेली होती. जयगडच्या बंदरात लागलेल्यांची रविवारी पाळी असे. उपासनेला उरली होती अकरा माणसं. माझाच धीर सुटलाय आणि मी दुसऱ्यांना काय देणार, असं त्याचं म्हणणं. सोड हे, असं मी त्याला तीस वर्षं सांगत आलो होतो. त्या संध्याकाळी मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

केनियात जे घडलं ते त्याने परत आल्यावर मला चहावर सांगितलं. पत्र्याचं छप्पर असलेली प्रार्थनेची खोली, समोर चाळीसेक पाळक. प्रत्येक पाहुण्याने उठायचं, आपल्या मंडळीत किती माणसं येतात ते सांगायचं आणि मग प्रवचन करायचं, अशी पद्धत. तुकडीच्या प्रमुखाने तीनशे सांगितली, पुढच्याने पाचशे. आकडा वाढेल तसे समोरचे पाळक खुर्चीत खाली सरकत होते. मग याकोब उठला. आपल्या शाळकरी इंग्रजीत म्हणाला, "माझ्याकडे अकरा येतात. त्यातले दोघे झोपतात." दुभाष्याने पाहुण्याची लाज राखायला अकराचे एकशे दहा केले.

"अकरा माणसांना टाळ्या पडल्या, तेव्हा मला संशय आला," याकोब सांगत होता. मग त्याने दोन्ही हातांची दहा बोटं वर धरली, हात मिटले आणि पुन्हा एकच बोट दाखवलं. प्रमुख छताकडे बघू लागला... मागच्या रांगेतून एक किडकिडीत माणूस उठला आणि त्याने सात बोटं वर केली. नंतर आणखी एकाने चार. प्रवचन राहूनच गेलं. जेवणाची वेळ टळून गेली तरी माणसं उठून आपापले खरे आकडे आणि त्यामागची दुखणी सांगत राहिली. परतीच्या विमानात प्रमुख याकोबशी बोलला नाही.

सात बोटंवाल्याचं नाव जोसेफ. तोही त्याच महिन्यात काम सोडणार होता. दोघांनी ठरवलं, दर रविवारी संध्याकाळी सहाला फोन करायचा आणि त्या दिवशीचा खरा आकडा सांगायचा. ज्याला सोडायचं असेल त्याने आधी दुसऱ्याला सांगायचं.

"मग सोडतोयस ना?" मी विचारलं.

"आणि रविवारी जोसेफला काय सांगू?"

पाच वर्षांत त्याचा आकडा कधी पंधरावर गेला, कधी सहावर आला. फोन चुकला नाही.

तो गेल्यानंतरच्या रविवारी मी वहिनींकडे बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. "मला इंग्रजी कुठे येतं," म्हणत वहिनींनी तो माझ्या हातात दिला. जोसेफला बातमी कळली होती. तो बराच वेळ रडला. मग त्याने विचारलं, "आज किती आले?" मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. आपला मित्र गेला आणि त्याची मंडळीही मोडली, असं त्याला वाटत असणार. मोडली होती की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गेलो. निव्वळ मोजायला, असं वहिनींना बजावून सांगितलं. त्या बरं म्हणाल्या. याकोबच्या जागी मंडळीतली एक निवृत्त नर्स उभी राहून शास्त्र वाचत होती. मी शेवटच्या बाकावर बसून दोनदा मोजलं.

संध्याकाळी वहिनींकडे बसून जोसेफला फोनवर सांगितलं, "बारा. शिवाय एक देव न मानणारा."

"मग तेरा," तो म्हणाला. "माझ्याकडे नऊ."

मी वाद घालणार होतो. याकोबशी घातला असता, चहा गार होईपर्यंत. पण जोसेफने विचारलं, "पुढच्या रविवारी?"

सहा वाजता इथेच असेन, मी म्हणालो.