एका वर्षाने हुकलेला कागद

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही, मी त्यांतलीच एक. लग्नाआधी चार वर्षं एका कारखान्यात जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करत होते. तेवढ्या भांडवलावर चाळिशी उलटल्यानंतर शारजात बसून मी कोकणातल्या खलाशांवर पीएच.डी. करायला घेतली. नवरा म्हणाला, "हौसेला मोल नाही." तो फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर असतो आणि घरी फक्त शनिवार-रविवार. त्यामुळे त्याचं म्हणणं मी फारसं मनावर घेत नाही.

माझं घोडं अडलं होतं एका प्रकरणापाशी. अल नहदातल्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर, रत्नागिरीकडचे एक चाचा आपल्या मुलाकडे राहतात. त्यांचे आजोबा गलबतावर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे म्होरके. बसऱ्याहून खजूर भरून येताना त्यांचं गलबत वादळात बुडालं. एका जपानी आगबोटीनं सगळ्यांना पाण्यातून काढलं आणि मुंबईला आणून सोडलं. गावानं मात्र ते कधी मानलं नाही. गलबत खजुरासकट विकून खाल्लं आणि वर ही कथा रचली, असं लोक म्हणत राहिले. त्या घराला गावात अजूनही 'गलबतखाऊ' म्हणतात.

चाचांनी मला सगळं रेकॉर्डरवर सांगितलं. फळ्या धरून काढलेला दिवस, दोरीची शिडी, बोटीवर मिळालेला गरम भात. मधेच थांबून म्हणाले, "अजून एक व्हता. पन ऱ्हाऊ दे बाय, तुमी हसाल." मीही फार ताणलं नाही.

पुण्यातल्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी प्रकरण वाचलं आणि फोनवर स्पष्ट सांगितलं, "छान आहे, पण ऐकीव आहे. मूळ कागद मिळाला तर ठेवा, नाहीतर काढून टाका." प्रबंध द्यायला तीन महिने उरले होते. प्रकरण गेलं असतं तर प्रबंध लंगडा झाला असता, पण मला खरी भीती वेगळीच होती. चाचांना काय सांगायचं? गावानं तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि आता विद्यापीठानंही नाही?

त्या काळी या बाजूला येणाऱ्या बऱ्याच बोटी जपानच्या एकाच बंदरातून सुटायच्या. तिथल्या दप्तरखान्यात कप्तानांचे अहवाल वर्षवार बांधून ठेवलेले आहेत, एवढं मी शोधून काढलं. इंटरनेटवर दिसते ती फक्त खंडांची यादी. हवा तो खंड लिहून कळवायचा, मग तिथला माणूस तो उघडून बघतो आणि उत्तर देतो. एका वेळी एकच खंड, आणि उत्तराला तीन आठवडे.

गलबत बुडालं त्या वर्षी चाचांची धाकटी आत्या जन्मली होती. तिच्या हजच्या पासपोर्टवर जन्माचं साल होतं, म्हणजे साल मिळालं. पण जपानी दप्तरात इसवी सन चालत नाही. सम्राट बदलला की नवं पर्व सुरू होतं आणि मोजणी पुन्हा एकपासून. शोवा पर्व सुरू झालं १९२६ साली. तेव्हा इसवी सनातून १९२६ वजा केले की शोवा वर्ष, असा तक्ता करून मी फ्रिजवर चिकटवला आणि खंड मागवला.

उत्तर आलं ते असं: आपण मागितलेल्या खंडात हा विषय नाही, आपल्याला तसदी झाल्याबद्दल क्षमा असावी. मागितलं तेवढंच बघितलेलं, पण अगदी निगुतीनं. शेजारचा खंड उघडायला हात का धजू नये, म्हणून मी एकटीच चिडचिडले. मग शंका आत्याच्या पासपोर्टवर गेली. तेव्हाची जन्मसालं अंदाजपंचेच असायची. आत्या एक वर्षानं मोठीच असणार, असं ठरवून मी आधीचा खंड मागवला. पुन्हा क्षमा असावी.

आता खापर चाचांच्या डोक्यावर फुटलं. म्हातारा थापा मारतोय की काय, असं माझ्याही मनात आलं. लिफ्टमध्ये ते भेटू नयेत म्हणून मी जिन्यानं चढू लागले. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

एका दुपारी त्यांनी मला दारातच गाठलं आणि चहाला आत नेलं. त्यांची नात शाळेतून आली होती, आजोबांसाठी काहीतरी फॉर्म भरत होती. तिनं वय विचारलं. चाचा म्हणाले, "ऐंशी पुरी झाली. एक्याऐंशीवा चालू."

"दादा, सो यू आर एटी," ती म्हणाली आणि तसं लिहून टाकलं.

माझा कप हातातच राहिला. आपण पुरी झालेली वर्षं मोजतो. शालिवाहन शकातही सरलेलीच वर्षं धरतात, आणि मोडी कागदांच्या तारखा लावताना मी ते इतकं घोटलं होतं की दुसरं काही असू शकतं हे सुचलंच नाही. जपानी मोजतात ते चालू वर्ष. शोवाचं पहिलं वर्ष डिसेंबरच्या अखेरीस सुरू होऊन आठवड्याभरात संपलं, तरी ते एक म्हणून धरलं गेलं. वजा करायचे होते १९२५. माझा अख्खा तक्ता एका वर्षानं चुकला होता, आणि त्यावर मी आणखी एक वर्ष मागे गेले होते.

चहा तसाच ठेवून मी घरी पळाले आणि तिसरं पत्र लिहिलं. या वेळी उत्तराबरोबर अहवालाच्या पानांची चित्रं होती. हाताची अक्षरं, जुनं वळण, दोन पानं वाचायला मला दोन दिवस लागले. पाण्यावर खजुराच्या करंड्या तरंगताना दिसल्या, असं कप्तानानं लिहिलं होतं. तेवढं वाचून मी ओट्यापाशी खाली बसले आणि मनसोक्त रडले. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ठेवा प्रकरण." नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "खलास, आता तरी झोप."

मग चाचांकडे गेले. ते कॉटवर ताठ बसून ऐकत होते. करंड्यांपाशी त्यांनी डोळे मिटले. मी पुढचं वाक्य वाचलं: "आठ माणसं आणि एक बकरी बोटीवर घेतली."

चाचांनी डोळे उघडले.

"बकरीचा मी तुमाला सांगितलाच नव्हता," ते म्हणाले. "गाव तिलाच हसायचा. बुडताना बकरी कोन काढतो, म्हनायचे. मंग आमच्या बापानं ती सांगायची सोडली, मीबी सोडली. आजानं नाय सोडली. मरंपरतुर सांगत व्हता, बकरी व्हती."

"कप्तानाच्या सहीनं लिहिलंय, चाचा."

"जपानीत वाचा."

मी वाचलं. त्यांना त्यातलं अक्षरही कळलं नसणार.

"परत वाचा," ते म्हणाले.