काचेच्या रव्याचं चित्र

गल्लीत त्याला सगळे पट्टेवाला म्हणत. कचेरीतला नव्हे, रस्त्यावरचा. डांबरावर पांढरे पट्टे ओढायचे आणि रंग ओला असतानाच त्यावर काचेचा बारीक रवा भुरभुरायचा, म्हणजे गाडीचा दिवा पडला की पट्टा उजळतो. बावीस वर्षं हेच काम. उरलासुरला रवा तो डब्यातून घरी आणायचा आणि जुन्या पत्र्यांवर चित्रं काढायचा. एरवी पत्रा नुसता राखाडी दिसे. टॉर्च डोळ्याच्या कडेला धरून पाहिलं की झाडं, माणसं लखकन उठून येत. "घराचा हमरस्ता केलाय," असं बायको करवादायची. पण पाहुणा आला की टॉर्च तीच शोधून द्यायची.

धाकट्या बहिणीचा नवरा त्याच्याच टोळीत होता. भर दुपारी, काम चालू असताना, एका ट्रकनं त्याला चिरडलं. सगळा ठपका चालकावर आला, त्याला शिक्षा झाली. पट्टेवाल्यानं तोंड उघडलं नाही. त्यानंतर कितीतरी महिने तो एकाच पत्र्याला चिकटून होता.

मग त्यानं बहिणीला बोलावून घेतलं. खिडक्या लावल्या, टॉर्च तिच्या हातात दिली. या रव्यावर पडलेला उजेड जिकडून आला तिकडंच परततो, त्यामुळं शेजारी उभ्या असलेल्या त्याला पत्रा राखाडीच दिसत होता.

"वाकलेत ते आमचे हेच," ती हळू आवाजात म्हणाली. "बूट त्यांचेच." टॉर्च सरकली. "दादा, गाड्या अडवायचे लाल शंकू असे कडेला का रचलेत? रस्त्यात नकोत का?"

"मी उचलले होते."

"कधी?"

"तो शेवटचा पट्टा ओढत होता तेव्हा. मला लवकर सुटायचं होतं. म्हटलं, दोन मिनिटांत काय होतंय."

टॉर्च पुन्हा त्या बुटांवर गेली.

"तेव्हाच का नाही बोललास?"

"जीभ रेटेना."

"हात मात्र बरा चालला तुझा."

तिनं टॉर्च खाली ठेवली आणि वहिनीच्या चहाला हात न लावता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोलीस ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं. लिहून घेतलं गेलं. पुढं काहीच हललं नाही. बहीण पुन्हा त्याच्या घरी आली नाही. भाचीच्या लग्नाचं आमंत्रण फक्त बायकोच्या नावानं आलं. ती एकटीच जाऊन आली.