वाळूत भाजलेला आंब्याचा केक

लग्न होऊन मी सांगलीहून कोयनानगरला आले, तर माझ्याबद्दलची एक बातमी माझ्याआधीच कॉलनीत पोचली होती. नवी सून केक फार छान करते म्हणे. बातमी माझ्या नवऱ्यानं पसरवली होती. साखरपुड्याला त्यानं खाल्लेला केक आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतला होता, हे मी त्याला सांगेपर्यंत शेजारच्या काकूंच्या निरोपसमारंभाचा बेत ठरूनही गेला. काकांची बदली झाली होती. कुणी भेळ करणार होतं, कुणी वड्या. केक माझ्याकडे आला. काकू अंडं खात नसत, म्हणून अंड्याविना. आणि मे महिना होता, म्हणून आंब्याचा.

आमच्या स्वयंपाकघरात दोन शेगड्यांचा गॅस, एक कुकर आणि लग्नात आलेली बरीचशी तांब्याभांडी होती. "ओव्हन घेऊ या का?" मी विचारलं.

"आपली बदली झाली की घेऊ," नवरा म्हणाला. तो वीजघरात नोकरीला होता. अख्ख्या राज्याला वीज पुरवायची आणि घरी विजेवर चालणारं काही आणायचं नाही, असं त्याचं धोरण असावं.

मी मोबाईलवर एक व्हिडिओ शोधला. ओव्हन नसलेल्यांनी अजिबात निराश होऊ नये, असं त्यातली बाई हसत सांगत होती. तिच्या मागं दोन ओव्हन दिसत होते. कुकरची रिंग आणि शिट्टी काढायची, तळाशी वाळू पसरून तापवायची, वर जाळी ठेवून त्यावर केकचा डबा. मी वाळू धुऊन, वाळवून, चाळून घेतली आणि गॅसवर ठेवली.

तेव्हा सासूबाई आमच्याकडे राहायला आलेल्या. त्या माणदेशातल्या. तरुणपण मेंढरांमागं हिंडण्यात गेलं, रोज नव्या माळावर तीन दगड मांडून स्वयंपाक. आता गावी डाळिंबाची बाग आहे. त्यांनी कुकरमध्ये डोकावून पाहिलं.

"वाळू भाजतीयास व्हय गं? आमी वाळूत शेंगा भाजतो. तू नुसतीच वाळू भाजतीयास?"

"केक करायचाय, आई."

"बरं," त्या म्हणाल्या आणि तिथंच पाट घेऊन बसल्या.

पहिला केक खालून कोळसा आणि वरून खीर झाला. नवऱ्यानं मधला भाग चांगला असल्याचं सांगितलं. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी मार्ग सुचवला, "उलटून टाक की भाकरीगत." मी उलटला. निम्मा उलथन्याला चिकटला, निम्मा वाळूत गेला. सासूबाईंनी वाळूतला उचलला, फुंकर मारून खाल्ला आणि गोड असल्याचं जाहीर केलं.

समारंभाच्या दिवशी दुपारी तिसरा घाणा लावला. पाटणच्या बाजारातल्या रायवळ आंब्यांचा रस, रवा, दही, साखर, सोडा. दर थोड्या वेळानं मी झाकण उघडून सुरी खुपसून बघत होते. आणि एकदम मांडणीवरची भांडी खुळखुळली, जमीन हलली.

"आगं, हाललं!" सासूबाई ओरडल्या.

"केक बघते आणि येते."

"मरूंदे तुझा केक तिकडं! आदी भाईर चल!" त्यांनी मला दंडाला धरून ओढलं. जाता जाता मी गॅस तेवढा बंद केला.

बाहेर सगळी कॉलनी जमली होती, पण घाबरलेल्या फक्त आम्ही दोघी. बाकीच्यांना कोयनेच्या धक्क्यांची सवय; हा किती रिश्टरचा, यावर त्यांचा वाद चालला होता. कुणी तीनचा म्हणे, कुणी साडेतीनचा. मग मागचा धक्का निघाला, त्याच्या मागचा निघाला. कुणाचा पाय निघेना. मी मनातल्या मनात बाजारातून बिस्किटं आणायचं ठरवलं.

घरात येऊन झाकण उघडलं तर केक! सोनेरी, फुगलेला, डब्याच्या कडा सोडून उभा. माझं लक्ष नसताना, बंद झाकणाखाली तापल्या वाळूवर त्यानं स्वतःचं सगळं व्यवस्थित करून घेतलं होतं.

समारंभात ताटली फिरली. एक बाई खाऊन म्हणाल्या, "शिरा लय मऊ झालाय गं. वड्या कशा पाडल्यास?"

"आवं, केक हाय त्यो," सासूबाई तडकल्या. "जमीन हालली तरी बसला न्हाई!"

त्यावर तिघीचौघींनी कृती मागितली. भूकंप कुठल्या टप्प्यावर घालायचा, हे सांगणं मला जमलं नाही.

सगळे गेल्यावर काकूंनी मला आत नेलं आणि माळ्यावरून एक खोकं काढायला लावलं. आत कोरा करकरीत ओव्हन. मुलानं भेट दिलेला, कधी वापरलाच नव्हता. "तुला काय म्हणा, कुकरमध्ये एवढा सुरेख जमतो," काकू म्हणाल्या. "पण सामानात फुटायचा. राहू दे तुझ्याकडे." माझ्या दोन फसलेल्या केकांच्या आणि या ओव्हनच्या मध्ये फक्त एक भिंत होती.

आता केक बिघडत नाही. चिकू, केळी, पेरू, सगळ्यांचे करते. सासूबाई गावी परतल्यावर मी कौतुकानं त्यांना फोनवर सांगितलं.

"मिशीन करतंय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग तू काय करतीयास?"