उरलेल्या अठरा गोळ्या

डॉक्टरांनी गोळी बदलली तेव्हा जुन्यांपैकी अठरा उरल्या. उदासीवरच्या त्या गोळीने मला झोप परत दिली, पण रडू नेलं. आई गेल्यावर तिच्या जलदानविधीला सगळे रडत होते आणि मी जेवायला बसलेल्यांची पानं मोजत होतो. एकशे बारा भरली.

याआधीही एकदा गोळी बदलली होती. तेव्हा उरलेल्या नऊ मी संडासात टाकून पाणी ओतलं, कारण आमच्या रस्त्यावर कचरा घेणाऱ्या बाई डबा उघडून निवडतात आणि त्या गोळ्या त्यांच्या नजरेला पडायला नको होत्या. खरं तर एकवीस वर्षं मी वीजनिर्मिती प्लांटच्या प्रयोगशाळेत पाणी तपासतो. अशा औषधांचा अंश सांडपाण्यातून तळ्यापर्यंत पोचतो आणि माशांचं वागणं बदलू शकतं, हे मी वाचलेलं होतं. आमच्या तक्त्यात लोह, तेल, क्लोरीन यांचे रकाने आहेत. त्या नऊ गोळ्यांसाठी रकाना नाही.

म्हणून या वेळी मी गोळ्यांचं पाकीट घेऊन फाटकाशी उभा राहिलो.

“बाई, हे औषध आहे. वेगळ्या पिशवीत टाका.”

त्यांनी पाकीट उलटून पाहिलं. “कावून भाऊ, तुमालेबी हेच? माह्या पोरीले दोन वर्षं झाले.”

“तिले रडू येते का?” माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

“नाही ना. मलेच रडा लागते तिच्या वाटचं.”

गाडी पुढे गेली. मी आत येऊन दार लावलं. माझ्या वाटचं रडणारी एकच होती, आई.